कॅमेऱ्याचा दिवा कोणाच्या हाती?

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावा, पासवर्ड बदला, अनोळखी लिंक उघडू नका. सायबर सुरक्षेची जवळपास प्रत्येक बातमी याच उपदेशावर संपते. उपदेश चुकीचा नाही. मार्क झुकेरबर्ग यांच्या लॅपटॉपवरही २०१६च्या एका छायाचित्रात अशी पट्टी दिसली होती. परंतु लखनौच्या इंदिरा नगरात ऑनलाइन शिकवणीसाठी लॅपटॉप उघडून बसणाऱ्या विद्यार्थिनीने स्वतःच्या खोलीची राखण स्वतःच करावी आणि यंत्र बनवणारा मात्र नामानिराळा राहावा, ही व्यवस्था अन्यायाची आहे.

कॅमेऱ्याशेजारचा तो इवलासा दिवाच घ्या. तो विझलेला असेल तर कॅमेरा बंद आहे, असे सारेच गृहीत धरतात. २०१३मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८पूर्वीच्या मॅकबुकवर हे गृहीतक मोडून दाखवले. त्या यंत्रात दिवा प्रतिमा-संवेदकाच्या ‘विश्रांती’च्या संकेताशी जोडलेला होता. कॅमेऱ्यातील फर्मवेअर बदलून संशोधकांनी संवेदकाला तो संकेत दुर्लक्षायला लावले. दिवा विझलेला, चित्रण चालू! संवेदकाला वीज पुरवणाऱ्या तारेवरच दिवा जोडला असता, तर वीज मिळताच तो लागलाच असता. कोणत्याही आज्ञावलीला तो विझवता आला नसता. प्रश्न एका जोडणीचा होता. फोनच्या पडद्यावर उमटणारा हिरवा ठिपका तर बहुधा ऑपरेटिंग सिस्टीमच रंगवते. तिच्यावरच कोणी ताबा मिळवला, तर त्या ठिपक्याची साक्ष काय कामाची? (आणि चिकटपट्टीने मायक्रोफोन झाकला जात नाही, हे उपदेशक सहसा सांगत नाहीत.)

भिंतीवरचा सीसीटीव्ही हाही भिंग लावलेला संगणकच. २०१६च्या ‘मिराय’ने कारखान्यातून आलेल्या साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून जगभरचे लाखो कॅमेरे व तत्सम उपकरणे ताब्यात घेतली. त्यानंतर इतक्या वर्षांनी, फेब्रुवारी २०२५मध्ये, राजकोटच्या एका प्रसूतिगृहात तपासल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या चित्रफिती यूट्यूबवर झळकल्या आणि टेलिग्रामवर विकल्या गेल्या. तिथला पासवर्ड ‘ॲडमिन१२३’ असल्याचे बातम्यांतून पुढे आले. अटक झालेले संशयित लातूर, सांगली आणि प्रयागराजचे. गुन्हा गुजरातेत, हात महाराष्ट्रात आणि उत्तर प्रदेशात. तपासणीच्या टेबलावरील त्या स्त्रियांनी कोणता पासवर्ड बदलायचा होता?

केंद्र सरकारने एप्रिल २०२५पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणी सक्तीची केली. पाऊल योग्यच, पण ते अर्ध्यावर थांबले आहे. लॅपटॉपच्या दिव्याची जोडणी वीजपुरवठ्याच्या तारेवरच हवी, प्रत्येक भिंगापुढे सरकता पडदा हवा आणि सर्व उपकरणांना एकच ठरावीक पासवर्ड देऊन विक्री करण्यास बंदी हवी. पहिल्या दोहोंसाठी कुठल्याही नव्या शोधाची गरज नाही; सरकता पडदा तर काही लॅपटॉपांवर आजही येतो. एप्रिलचा तो नियम मात्र सीसीटीव्हीपुरताच आहे. इंदिरा नगरातल्या त्या मुलीच्या टेबलावरचा कॅमेरा त्यात येत नाही.