आय-सेव्हनचं स्टिकर आणि काकांचे बेदाणे

सुरुवातीलाच एक कबुली देते. पहिली ते दहावी मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझं मराठी म्हणजे मेसमधल्या मिक्स भाजीसारखं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं! दुसरी कबुली मोठी आहे, आणि खरं तर तिच्यासाठीच हा लेख लिहायला बसले आहे.

गेल्या वर्षी फर्स्ट इयरची एक मुलगी होस्टेलला आली. गाव जत तालुक्यात. सोबत वडील होते. बेदाणा विकून आलेल्या पैशातून लॅपटॉप घ्यायचा होता. काकांनी मला विचारलं, "ताई, कुठला घ्यावा? ल्हानच पायजे, एसटीतनं न्यायचा हाय." आता मला कुणीतरी सल्ला विचारतंय म्हटल्यावर मी लगेच हवेत! प्रोसेसर जणू माझ्याच घरी बनतात अशा थाटात सांगितलं, "काका, आय-सेव्हन दिसला की डोळे झाकून घ्या."

आणि काकांनी खरोखरच डोळे झाकून घेतला. सेकंडहँड, १४ इंची, वर चकचकीत आय-सेव्हनचं स्टिकर. आत ४ जीबी मेमरी आणि १ टीबीची फिरणारी हार्ड डिस्क.

पुढचं सेमिस्टर त्या पोरीने कसं काढलं ते मी पाहिलंय. सकाळी पॉवरचं बटण दाबायचं, नाश्ता करून यायचं, तरी पडद्यावरचा गोल फिरतोच आहे. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडलं की ब्राउझर बंद करायचा. एकदा सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल सेव्ह होता होता मशीन अडकलं आणि चार तासांचं काम गेलं. त्या रात्री ती मला म्हणाली, "ताई, मशीन तर आय-सेव्हन आहे. मलाच जमत नाही वाटतं." मित्रहो, हे वाक्य माझ्या फार जिव्हारी लागलं. चूक माझ्या सल्ल्याची होती, आणि 'ढ' ती स्वतःला समजत होती.

मग मी उशिरा का होईना, पण करायला हवं होतं ते केलं. टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर जेमतेम १५ टक्के वापरात. मेमरी ९० च्या वर. डिस्क १०० टक्के. म्हणजे ज्याच्या नावावर पैसे मोजले तो प्रोसेसर हातावर हात ठेवून बसलेला!

हे का होतं ते मेसच्या भाषेत सांगते. स्वयंपाक करणाऱ्या मावशी म्हणजे प्रोसेसर, समोरचा ओटा म्हणजे मेमरी आणि मागचं कोठीघर म्हणजे हार्ड डिस्क. ओटा मोठा असेल तर सगळं हाताशी राहतं. ओटा छोटा असेल तर एक डबा काढायला दुसरा कोठीत ठेवून यावा लागतो. मेमरी भरली की लॅपटॉपही हेच करतो, थोडा माल डिस्कवर टाकतो आणि लागला की परत आणतो.

आता थोडं गणित, शेवटी आपण इंजिनिअर! मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणाऱ्या डिस्कची एक फेरी ११.१ मिलिसेकंदांची. हवी ती जागा वाचकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. मेमरीतली गोष्ट साधारण १०० नॅनोसेकंदांत मिळते. म्हणजे डिस्क सुमारे ५५ हजार पट सावकाश. मावशींना ओट्यावरचं मीठ घ्यायला एक सेकंद लागत असेल, तर सकाळी सातला कोठीत मीठ आणायला गेलेल्या मावशी रात्री सव्वादहाला परततील! एसएसडीत काही फिरत नाही, तिथे हेच काम साधारण एक दशांश मिलिसेकंदात होतं. म्हणजे मावशी सतरा मिनिटांत परत. सतरा मिनिटंसुद्धा कमी नाहीत, म्हणून एसएसडी असली तरी ओटा मोठाच हवा.

शेवटी आम्ही दोघींनी मिळून ती फिरणारी डिस्क काढून एसएसडी टाकली आणि ४ च्या जागी ८ जीबीची मेमरी बसवली. प्रोसेसर तोच. मशीन मात्र ओळखू येईना! त्या दिवशी ती हसली, आणि मला जरा बरं वाटलं.

म्हणजे प्रोसेसर पाहायचाच नाही का? पाहायचा, पण स्टिकर नाही, पिढी. तिचा प्रोसेसर होता आय-सेव्हन ७५००यू, २०१६ सालचा, दोन कोअरचा. पुढच्याच वर्षी, २०१७ ला आलेल्या आय-फाइव्ह ८२५०यू मध्ये चार कोअर आहेत. म्हणजे नावाने धाकटा, कामाने थोरला! शिवाय विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सातव्या पिढीचं ते मशीन त्यात सापडलं आणि शेवटी त्यावर लिनक्स टाकावं लागलं. तेव्हा प्रोसेसरने फार काम केलं नाही तरी चालेल, पण तो चार वर्षं टिकेल अशा वयाचा हवा.

छोट्या लॅपटॉपमध्ये आणखी एक गोम असते. तो पातळ करण्यासाठी बऱ्याचदा मेमरी बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. स्वस्त मशीनमध्ये एसएसडीऐवजी ६४ जीबीची ईएमएमसी असते. तीही बोर्डावरच चिकटलेली, आणि ६४ जीबी ही तर विंडोज ११ ची किमान अट आहे! मग फायली ठेवायच्या कुठे? आमचं सुदैव इतकंच की त्या जुन्या मशीनचं झाकण उघडून आतलं बदलता आलं.

म्हणून माझं मत असं, की जे नंतर बदलता येणार नाही त्यावर आधी पैसे घालावेत. मेमरी सोल्डर असेल तर निदान ८ जीबी, झेपलं तर १६. डिस्क कितीची यापेक्षा कसली ते आधी विचारावं. १ टीबीच्या फिरणाऱ्या डिस्कपेक्षा २५६ जीबीची एसएसडी बरी. उरलेल्या पैशात जमेल तो नव्या पिढीचा साधा प्रोसेसर. कुणी म्हणेल, २०२५ च्या शेवटापासून मेमरीचे भाव चढले त्याचं काय? बरोबर आहे. पण म्हणूनच काटछाट स्टिकरमध्ये करावी, ओट्यात नाही.

कमी ताकदीचं मशीनही नीट जुळवलं तर काम देतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या शाळेत मुलांना 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या प्रकल्पाची छोटी हिरवी-पांढरी मशीनं दिली होती. प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झ, मेमरी २५६ एमबी, फिरणारी डिस्क नाहीच, त्याऐवजी १ जीबी फ्लॅश. आज हे आकडे वाचून हसू येतं. पण त्यावर चालणारं सॉफ्टवेअरही त्या बेताचंच होतं, आणि पडदा उन्हात वाचता येईल असा होता. बनवणाऱ्यांनी आधी विचारलं, वापरणार कोण आणि कुठे? मी काकांना हा प्रश्न विचारलाच नव्हता.

आपण तर मिरजेत राहतो. इथली सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. सतारमेकरांच्या दुकानात गेलं की नवख्याची नजर नक्षीवर जाते. जाणकार मात्र आधी तार छेडून जवारी ऐकतो, कारण नाद उमटतो तो जवारीवर. लॅपटॉपचं स्टिकर म्हणजे नक्षी. छेडून पाहायला शिकलं पाहिजे.

जाता जाता कॉलेजला एक विनंती. ॲडमिशनच्या कागदांसोबत एक पान द्यावं. कुठल्या ब्रँचला कुठलं सॉफ्टवेअर, त्याला मेमरी किती, डिस्क कसली, प्रोसेसर कुठल्या पिढीचा, आणि लॅब संध्याकाळी कितीपर्यंत उघडी. लॅब उशिरापर्यंत मिळाली तर काही जणांना पहिल्या वर्षी लॅपटॉप घ्यावाच लागणार नाही. घरी पैसे कसे उभे राहतात हे होस्टेलमध्ये सगळ्यांना माहीत असतं, फक्त कुणी बोलत नाही.

आणि आम्हा सीनिअर्सना एक विनंती, म्हणजे मलाच. माहीत नसेल तर "माहीत नाही, विचारून सांगते" म्हणावं. काका परवा मुलीला भेटायला आले होते. माझ्यासाठी पुडीत बेदाणे आणले होते. "ताईंनी मशीन नीट करून दिलं," म्हणाले. पुडी घेताना मान वर करवेना. या वर्षी कुणी विचारलं तर मी आधी टास्क मॅनेजर उघडणार आहे, तोंड नंतर.