वर्ष किती दिवसांचं?
बारामतीकडचे माळेगाव-सोमेश्वर असोत की इंदापुरातले भवानीनगर-बिजवडी, ऊस कारखान्यावर गेला की शेतकरी दिवस मोजू लागतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत पैसे द्यायचे. त्यापुढे वार्षिक १५ टक्के व्याज. (ते हातात पडतं का, हा वेगळा विषय.) पण वर्ष ३६५ दिवसांचं की ३६०, हे ते कलम सांगत नाही. समजा, १ जानेवारी २०२५ ला ऊस घातला, येणं १ लाख, पैसे आले १५ मार्चला. १५ जानेवारीपासून कॅलेंडरनं ५९ दिवस, ३६५ ने भागून व्याज २,४२४ रुपये ६६ पैसे. हेच एक्सेलच्या ‘इयरफ्रॅक’ या सूत्राला विचारा. त्यातली मोजणीची पद्धत ठरवणारी ‘बेसिस’ची जागा रिकामी सोडली, तर ते अमेरिकी ३०/३६० पद्धत (प्रत्येक महिना ३० दिवसांचा, वर्ष ३६० चं) धरतं, ६० दिवस मोजतं आणि व्याज होतं २,५०० रुपये. फेब्रुवारी पावला म्हणायचा! मात्र हीच रक्कम १ जुलै ते १ सप्टेंबर थकली, तर तीच पद्धत शेतकऱ्याचे जवळजवळ ४८ रुपये खाते, कारण महिन्याची ३१ तारीख तिच्या खिजगणतीतच नाही. पद्धत बेकायदा नव्हे. केंद्र सरकारच्या कर्जरोख्यांचं व्याज ३०/३६० नेच मोजतात, ट्रेझरी बिलांना मात्र ३६५. उसाला ३६५ च योग्य वाटतं. त्यासाठी बेसिसच्या जागी ३ लिहायचा, आणि व्याजाच्या चिठ्ठीवर दिवस व भाजक दोन्ही छापायचे.