बॅटरी नवी, बिघाड जुनाच

जुन्या मोटरसायकलचा हॉर्न बसक्या आवाजात वाजू लागला, इंडिकेटर लुकलुकायचे थांबले किंवा सेल्फचे बटण दाबल्यावर नुसताच 'टक' झाला, की आपल्याकडे निदान आधीच ठरलेले असते: बॅटरी गेली. ती बदलली जाते, आठवडाभर गाडी नीट चालते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग रेग्युलेटर बदलतात, मग कॉइल, मग ठिणगी सोडणारा सीडीआयचा डबा. आणि तरीही जमले नाही तर 'आता सगळी वायरिंगच नवी टाकू' हा शेवटचा सल्ला येतो. या खटाटोपात व्होल्टेज कुठे किती आहे हे मात्र कोणी मोजून बघत नाही. न मोजता बदललेला पार्ट ही दुरुस्ती नव्हे. तो मालकाच्या पैशाने लावलेला मटका आहे. आणि याचा दोष गॅरेजवाल्यावर ढकलून मोकळे होता येणार नाही. बिघाड शोधण्याचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसते, हे या सवयीचे खरे मूळ आहे.

जुन्या गाडीत वीज नेमकी कुठे अडते ते आधी पाहू. यामाहा आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणाऱ्या कोणत्याही आरएक्समध्ये मूळ वायरिंग शिल्लक असेल, तर ती तीस वर्षांच्या घरात आली आहे. राजदूत, येझदी आणि बुलेट यांतल्या कितीतरी तर त्याहून म्हाताऱ्या. इतक्या वर्षांत तांब्याची तार सहसा संपत नाही, संपतात ते जोड: हेडलाइटच्या डोमात कोंबलेले कपलर, हँडल वळताना रोज मुडपणारी वायर, स्विचमधले पितळी ठिपके, फ्यूजचे चिमटे, चासीवर कसलेला अर्थिंगचा बोल्ट. बरेच पावसाळे खाल्लेला कपलर ओढून उघडला, तर आतल्या पिनांवर हिरवट कळंक दिसतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत तो आणखी लवकर धरतो. बाहेरून मात्र कपलर अगदी धडधाकट वाटतो. या कळंकाची किंमत साध्या गणिताने कळते. सहा व्होल्टच्या जुन्या गाडीतला ३० वॉटचा बल्ब ५ अँपिअर ओढतो. वाटेतल्या जोडांनी मिळून ०.२ ओहम जरी अडवणूक केली, तरी एक व्होल्ट तिथेच जिरतो. सहातला एक गेला. पण उजेड सहाव्या हिश्शाने नव्हे, जवळजवळ निम्म्याने उतरतो, कारण तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या कितीतरी पट वेगाने घसरतो. दहा टक्के व्होल्टेज कमी मिळाले, तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. 'जुन्या गाड्यांचा लाइटच तसला' असे म्हणून आपण जे सोडून देतो, त्यातले बरेचसे गाडीच्या बनावटीतले नसून जोडांत साचलेले असते.

मोजण्याची म्हणून जी पद्धत गॅरेजात दिसते, तीही बहुधा चुकीची असते. मल्टिमीटर 'बीप'वर ठेवायचा, वायरीच्या दोन टोकांना लावायचा, वाजला की वायर चांगली. पण मीटर बीप देताना वायरीतून नाममात्र करंट सोडतो. वायरीच्या आतल्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक राहिली असेल, तरी बीप तितकाच खणखणीत वाजतो. त्याच वायरीवर हॉर्नचा भार पडला की ती मान टाकते. म्हणून वायर तपासायची ती काम करताना. समजा, ब्रेक लाइट मंद आहे. ब्रेक दाबून धरावा, मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा, लाल टोक बॅटरीच्या प्लसवर आणि काळे टोक मागच्या होल्डरमध्ये जिथे प्लस पोहोचतो तिथे टेकवावे. जो आकडा दिसेल तितके व्होल्टेज वाटेत गळाले. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. दीड दिसला तर काळे टोक एकेक कपलर बॅटरीकडे आणत जायचे. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम पडतो, तिथेच दुखणे. मग होल्डरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत हीच तपासणी. मागच्या दिव्याची काच आणि बॅटरीचे झाकण सोडले, तर यात फारसे काही उघडावे लागत नाही आणि लागणारा मीटर काहीशे रुपयांत मिळतो.

या दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे अर्थिंगकडे, तर कोणाचे लक्षच जात नाही. प्लसची वायर रंगीत असते, दिसते; परतीची वाट लोखंडी चासीतून जाते आणि ती आहेच असे सगळे धरून चालतात. हौसेने जुन्या गाडीचे रिस्टोरेशन करणाऱ्यांना तर हे दुर्लक्ष हमखास भोवते. चासीला पावडर कोटिंग केले, बोल्ट नवे टाकले, गाडी शोरूमसारखी चमकते आणि इंडिकेटर चालत नाहीत. पावडर कोटिंगमधून वीज जात नाही. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडून लोखंड उघडे केल्याशिवाय वायरिंग कितीही नवी असली तरी उपयोग नाही. अर्थ गेल्याची खूण ओळखायलाही सोपी आहे: डावा इंडिकेटर दिला की मागचा दिवा त्याच्या तालावर मिचमिचतो, ब्रेक दाबला की स्पीडोमीटरमधला दिवा उगाच मिणमिणतो. परतीची सरळ वाट बंद झाल्याने करंट दुसऱ्या बल्बातून वाट काढत असतो. असली लक्षणे घेऊन आलेल्या गाडीला फ्लॅशर बदलून देणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

बॅटरीची गोष्टही अशीच आहे. चार्ज झालेली बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी, गाडी काही तास बंद असताना, १२.६ च्या आसपास दाखवते. गाडी चालू करून रेस दिल्यावर तिच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. १३ च्या खाली राहिले तर बॅटरी भरतच नाही, १५ च्या वर गेले तर ती उकळते. दोन्ही बाबतीत नवी बॅटरी जुनीच्या मागोमाग जाणार, हे दुकानातून आणतानाच ठरलेले असते. न भरण्याचे कारणही दर वेळी रेग्युलेटर नसतो. रेग्युलेटर आपल्या टोकाशी १४.४ धरून बसलेला असतो, मधला कपलर व्होल्ट-दीड व्होल्ट गिळतो आणि बॅटरीच्या हाती तेराच पडतात. सतत अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसते आणि तीन-चार वर्षे टिकायची ती वर्षात संपते. मग मालक कंपनीला शिव्या घालतो. उलट प्रकारही आहे: ज्या गाड्यांचा हेडलाइट थेट मॅग्नेटवर चालतो, त्यांच्या रेग्युलेटरचा अर्थ तुटला की जास्तीचे व्होल्टेज जिरवायला जागा उरत नाही आणि बल्ब एकामागून एक उडतात. गिऱ्हाईक बल्ब घेत राहते. बिघाड गंजलेल्या बोल्टात असतो.

न मोजता बदलण्याचा सर्वांत अतार्किक नमुना गाडी सुरूच होत नसताना दिसतो. जुन्या कम्युटर गाड्यांपैकी कितीतरींत सीडीआयला लागणारी वीज मॅग्नेटमधल्या कॉइलकडून येते, बॅटरीकडून नाही. अशी गाडी बॅटरी काढून ठेवली तरी किकने सुरू होते. तिला 'करंट येत नाही' म्हणून बॅटरी बदलणे निव्वळ निरर्थक. या गाड्यांमध्ये चावी बंद केली की एक वायर इग्निशनला अर्थ करते आणि ठिणगी थांबते. लॉक किंवा किल स्विच आतून गंजून तीच वायर कायमची अर्थ झाली, तर प्लग, कॉइल, सीडीआय सगळे ठणठणीत असूनही ठिणगी पडत नाही. सीडीआयपाशी ती एक वायर कपलरमधून सोडवून किक मारणे, हे मिनिटाचे काम. ठिणगी आली तर दोष लॉकमध्ये किंवा स्विचमध्ये. (तेव्हा चावीने गाडी बंद होणार नाही; ब्रेक दाबून, गिअर टाकून क्लच सोडावा लागेल, हे ध्यानात ठेवावे.) हे न करता नवा सीडीआय आणला, तर 'इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतला जाणार नाही' ही दुकानातली पाटी वाचत घरी यावे लागते.

यावर मेकॅनिक मंडळींचे जे म्हणणे असते, ते मोडीत काढण्याजोगे नाही. सीडीआयच्या डब्यात काय चालले आहे, हे साध्या मीटरला कळत नाही. तिथे चालू गाडीचा डबा लावून बघणे हीच खरी परीक्षा. काही दुखणी तापल्यावरच उमटतात: पल्सर कॉइल थंड असताना बरोबर ओहम दाखवते, दहा किलोमीटरवर गाडी मरते, निवली की पुन्हा सुरू होते. अशा वेळी जाणत्या कारागिराचा अंदाज मीटरच्या पुढे जातो, हे मान्यच आहे. पण डबा लावून बघणे वेगळे आणि विकणे वेगळे. आणि कसलेल्या मिस्त्रीचा अंदाजही हवेतला नसतो. गाडी तापल्यावर मरते की पावसात, हँडल वळवल्यावर हॉर्न थांबतो का, असे चार प्रश्न तो विचारतो. तेही मोजणेच आहे, आकड्यांशिवाय. आक्षेप आहे तो न विचारता, न बघता बॅटरीला हात घालण्यावर. त्याहून घातक म्हणजे वायर चासीला घासून ठिणगी काढून बघण्याची रीत, जिच्यात चांगला रेक्टिफायरही जाऊ शकतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे हा तिचाच भाऊ. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. तो कायमचा जोडून टाकला की पुढच्या शॉर्टला वितळायला वायरच उरते, आणि ती पेट्रोलच्या टाकीखालून गेलेली असते.

नवे वायरिंग किट टाकण्याचा युक्तिवाद मात्र मला अर्धाच पटतो. इन्सुलेशन कडक होऊन तडकले असेल, ठिकठिकाणी काळी टेप गुंडाळून पिळलेले जोड असतील, कोणी फॉग लॅम्पसाठी मध्येच वायर कापली असेल, तर जुने काढून टाकणेच शहाणपणाचे. पण बाजारातले प्रत्येक किट मूळच्या जाडीचे असतेच असे नाही, आणि किट टाकले तरी स्विच, लॉक, होल्डर आणि चासीवरचे बोल्ट जुनेच राहतात. म्हणजे दुखरी जागा बहुतेक वेळा तशीच, फक्त मधली तार चकचकीत.

या गाड्या आता जाणारच, मग हे सगळे कशाला, असेही विचारले जाते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले, कार्ब्युरेटर जवळपास गेले, गाडी स्वतःच बिघाडाचा कोड सांगते. पण कोड सांगतो तो सर्किटचा. त्या सर्किटमधला सेन्सर खराब आहे की त्याच्या कपलरमध्ये पाणी शिरले आहे, हे अजूनही मीटर धरूनच ठरवावे लागते. न मोजणाऱ्याच्या हाती स्कॅनर दिला, तर तो बॅटरीऐवजी महागडा सेन्सर बदलेल, एवढाच फरक. उलट नव्या गाड्यांमुळे एक मागणी जास्त तातडीची झाली आहे. पूर्वी अनेक गाड्यांसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत वायरिंगचा नकाशा असे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. त्या हक्काचा पहिला हप्ता म्हणून हा नकाशा प्रत्येक मालकाला आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजला फुकट मिळायला हवा.

उरला पैशाचा प्रश्न, आणि गाडे खरे अडते ते इथेच. मेकॅनिकने तासभर खपून एक कपलर घासून दिला, तर गिऱ्हाईक विचारते, 'नुसते घासायचे इतके पैसे?' तोच मेकॅनिक पाच मिनिटांत बॅटरी बदलतो, तेव्हा बिल निमूट चुकते होते. शोधणाऱ्याला दंड आणि विकणाऱ्याला बक्षीस, अशी व्यवस्था आपणच चालवली, तर गॅरेजात मीटर धूळ खातच पडणार. म्हणून पुढच्या वेळी कोणी बॅटरी बदलायला सांगितली, तर बारा व्होल्टच्या गाडीत तीन आकडे मागा: गाडी बंद असताना किती, सेल्फ मारताना किती, रेस दिल्यावर किती. पहिला १२.६ च्या जवळ असूनही सेल्फ मारताना बॅटरीच्याच टोकांवर साडेनऊच्या खाली उतरला, तर बॅटरी खुशाल बदला. तसे नसेल, तर बिघाड शोधायला सांगा. आणि सापडला की, एकही पार्ट न बदलता, त्या तासाची मजुरी घासाघीस न करता द्या.