तप वजनकाट्यावर चढवू नका



दशलक्षणात एका सुनेने दहाही दिवस एकाशन केलं. पारण्याच्या दिवशी शेजारून आवाज आला, "इतकं करून कंबर आहे तशीच!" दुसरी म्हणाली, "सुई घेते म्हणे डॉक्टरकडून. मग संयम कसला?" ती हसली. मला मात्र आलेला राग अजून गेलेला नाही.

तत्त्वार्थसूत्रात बाह्य तपाचे सहा प्रकार सांगितलेत. भुकेपेक्षा कमी जेवण्याचं अवमौदर्यही त्यातच. पण ते निर्जरेसाठी. किलो कमी व्हावेत म्हणून केलेल्या उपाशीपणाला डाएट म्हणा, उपवास म्हणू नका.

आणि जाडी म्हणजे जिभेचा चोचला, हे ठरवलं कोणी? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या 21.2! आपली ठेवणच अशी, म्हणून आपल्याकडे बाईची कंबर 80 सेंटिमीटरपर्यंतच बरी मानतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत सुमारे 40 टक्के बायकांचं पोट या मापाबाहेर होतं, पुरुषांचं 12 टक्के. आता या सगळ्या बायका असंयमी का?

वजन उतरलं की शरीर ते परत मागतं. ऑस्ट्रेलियात 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डाएट केल्यावर वर्ष उलटलं तरी भूक वाढवणारे हार्मोन चढेच होते. तोंडाला कुलूप लावलं तरी आतून मागणी चालूच. त्या मागणीवरच ही नवी इंजेक्शनं काम करतात. 2025 मध्ये मार्चला मौंजारो आणि जूनला वेगोव्ही भारतात आलं. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी सुमारे 15 टक्के वजन उतरलं. औषध थांबवल्यावर मात्र वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत चढलं. "बघा, उपयोग काय?" असं म्हणणाऱ्यांनी आपली ब्लडप्रेशरची गोळी वर्षभर बंद ठेवून पाहावी का? (नका ठेवू हं!) तिला कोणी असंयम म्हणत नाही.

उलट टोकही मला पटत नाही. लग्नाच्या ब्लाउजमध्ये मावावं म्हणून सुई घेणं हा उपचार नव्हे. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ होऊ शकतं, चरबीबरोबर स्नायूही जातात. आपण शाकाहारी, त्यात कंदमूळ नाही, तेव्हा मूग, मटकी, पनीर, ताक रोजच्या ताटात हवंच. आणि आपल्या पारण्याचा थाट बघा: तुपात निथळणारा शिरा, बुंदी, वर आग्रह, "एक लाडू घ्याच!" याच हातांनी वाढायचं आणि याच तोंडाने कंबर मोजायची.

त्या सुनेला मी बाजूला घेऊन एवढंच विचारलं, एकाशनाआधी डॉक्टरांना सांगितलं होतंस ना? मधुमेहाची औषधं किंवा ही सुई चालू असेल तर उपवासात साखर उतरू शकते, अंगातलं पाणी कमी पडू शकतं. तिने विचारलं होतं, डॉक्टरांनी डोसही बदलून दिला होता. टोमणे मारणाऱ्या दोघींना शुगर आहे. त्यांनी विचारलं होतं का, कोण जाणे.