जुनी आज्ञावली आणि नवा दुभाषी

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला सातबाराचा उतारा जितका महत्त्वाचा, तितकीच कर्नाटकातील शेतकऱ्याला पहाणी. जमीन कोणाची, किती, तिच्यात पीक कोणते, तिच्यावर कर्जाचा बोजा किती, हे सर्व त्या एका कागदावरून ठरते. कर्नाटकात पूर्वी या नोंदी सुमारे ९,००० ग्रामलेखापालांच्या दप्तरांत हाताने लिहिलेल्या असत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या बंगळुरू येथील तज्ज्ञांनी ‘भूमी’ ही संगणकीय आज्ञावली तयार केली आणि २००१ च्या सुमारास ६७ लक्ष खातेदारांच्या जवळजवळ २ कोटी नोंदी संगणकात गेल्या. तालुक्याच्या कचेरीत १५ रुपये भरून उतारा मिळू लागला, आणि हस्तलिखित उताऱ्याची कायदेशीर मान्यता संपुष्टात आली. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी शेतकरीही याच व्यवस्थेतून आपला उतारा घेतो.

अशा व्यवस्थेत संगणक जे सांगेल तेच खरे धरले जाते. म्हणून तिच्या लहानसहान भागांकडेही सर्वसामान्य नागरिकाने लक्ष दिले पाहिजे. असाच एक सहसा दृष्टीस न पडणारा भाग म्हणजे ‘ड्रायव्हर’ होय. तो बदलण्याचा प्रसंग प्रत्येक कार्यालयावर केव्हा ना केव्हा येतो. आणि तो बदलताना जी कसोटी घ्यावयास हवी ती बहुधा अपुरी घेतली जाते.

दुभाष्याचे काम

संगणकातील नोंदींच्या व्यवस्थित साठ्याला डेटाबेस म्हणतात. कचेरीतील कर्मचारी ज्या आज्ञावलीवर काम करतो, ती या साठ्याला प्रश्न विचारते: ‘अमुक गावातील अमुक क्रमांकाच्या जमिनीचा खातेदार कोण?’ परंतु आज्ञावलीची बोली निराळी आणि डेटाबेसची निराळी. या दोहोंमध्ये बसून प्रश्न तिकडे पोहोचविणारा आणि उत्तर इकडे आणून देणारा जो दुभाषी, तोच ड्रायव्हर.

आरंभी प्रत्येक डेटाबेसचा दुभाषी वेगळ्या रीतीने वागे. त्यामुळे डेटाबेस बदलला की आज्ञावलीही पुन्हा लिहावी लागे. ही अडचण दूर करण्यासाठी १९९२ साली ‘ओडीबीसी’ हा समान करार पुढे आला, आणि १९९७ साली जावा भाषेसाठी ‘जेडीबीसी’ हा तसाच करार आला. दुभाष्याने कोणत्या हाकेला कोणते उत्तर द्यावे हे या करारांत लिहून ठेवलेले आहे. त्यामुळे एक दुभाषी काढून त्याच्या जागी दुसरा बसविणे शक्य झाले.

मग जुनाच दुभाषी कायम का ठेवू नये, असा प्रश्न साहजिकच निघतो. त्याचे उत्तर असे की, जग थांबत नाही. दूरच्या यंत्राकडे जाणारा मजकूर कूटबद्ध करण्याच्या जुन्या पद्धती कालांतराने असुरक्षित ठरतात. २०२१ साली त्यांपैकी दोन पद्धती आंतरराष्ट्रीय पातळीवर रीतसर बाद करण्यात आल्या. डेटाबेसही आपला दरवाजा बदलतो. ‘मायएसक्यूएल’ने २०१८ साली आपल्या आठव्या आवृत्तीत परवलीचा शब्द तपासण्याची नेहमीची रीत बदलली, तेव्हा अनेक जुन्या ड्रायव्हरांना त्या दारातून आत जाणेच जमेना. तेव्हा बदल हा अटळ आहे. प्रश्न उरतो तो कसोटीचा.

करारात न लिहिलेल्या सवयी

नव्या ड्रायव्हरचा निर्माता सांगतो की, ‘हा कराराच्या प्रत्येक कलमास अनुसरून आहे.’ हे विधान खरे असले तरी पुरेसे नसते. कारण जुनी आज्ञावली केवळ करारावर चाललेली नसते. ती जुन्या दुभाष्याच्या सवयींवरही चाललेली असते. दहापंधरा वर्षे एकत्र काम करताना त्याच्या काही लकबी तिने गृहीत धरलेल्या असतात, आणि त्या कोठेही लिहून ठेवलेल्या नसतात.

एक उदाहरण पाहू. ओडीबीसीच्या दुसऱ्या आवृत्तीत, विचारलेला तक्ताच सापडला नाही तर ‘एस०००२’ असा सांकेतिक शब्द परत येई. तिसऱ्या आवृत्तीत त्याच्या जागी ‘४२एस०२’ हा आला. जुनी आज्ञावली ‘एस०००२’ या अक्षरांचीच वाट पाहत असेल, तर नवा संकेत तिला ओळखू येणार नाही. कराराच्या कर्त्यांनी यावर तोड काढली: आज्ञावलीने आरंभीच ‘आपण दुसऱ्या आवृत्तीच्या काळातील आहोत’ असे सांगावे, आणि मग तिच्याशी जुन्याच संकेतांत बोलावे. तोड उत्तम आहे. परंतु नवा दुभाषी ती खरोखर पाळतो की नाही, हे जुन्या आज्ञावलीशी त्याची गाठ घालून दिल्यावाचून कळत नाही.

असे बिघाड निदान बोलके असतात. ‘एसक्यूएल सर्व्हर’च्या अठराव्या क्रमांकाच्या ओडीबीसी ड्रायव्हरने २०२२ साली कूटबद्ध जोडणी हीच नेहमीची रीत ठरविली. ज्या कार्यालयांच्या यंत्रांवर त्यासाठी लागणारे विश्वसनीय प्रमाणपत्र नव्हते, तेथे जोडणीच होईना. काम थांबते, ओरड होते आणि दुरुस्तीही होते. खरे भय मुक्या बिघाडाचे आहे.

डेटाबेसमध्ये एखादा रकाना रिकामा असला तर त्याचा अर्थ ‘माहीत नाही’ असा होतो. प्रमाणित नियम असा की, ‘माहीत नाही’ ही गोष्ट कशाच्याही बरोबरीची नव्हे, दुसऱ्या ‘माहीत नाही’च्याही नव्हे. परंतु एसक्यूएल सर्व्हरकडे जाण्याची डीबी-लायब्ररी नावाची जी जुनी वाट होती, तिच्यात रिकामा रकाना रिकाम्याच्या बरोबर धरला जाई. ओडीबीसी ड्रायव्हर मात्र जोडणी होताच प्रमाणित नियम लागू करतो. आता समजा, जुन्या वाटेवरील एका आज्ञावलीत प्रश्न आहे: ‘ज्यांचा बोजा फेडल्याची तारीख रिकाम्याबरोबर आहे, अशा सर्व नोंदी दाखवा.’ जुन्या वाटेने शंभर नोंदी येतील. नव्या वाटेने एकही येणार नाही. आणि चूक झाल्याची सूचनाही येणार नाही. समोर बसलेला कर्मचारी शांतपणे सांगेल की, थकलेले कर्ज कोणाचेच नाही. येथे नवा दुभाषी शास्त्राप्रमाणे बरोबर आहे, तरीही उत्तर चुकीचे मिळाले आहे.

लिपीची गोष्ट भारतीय कार्यालयांना अधिकच जवळची आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपल्या भाषांचा मजकूर साठविण्यासाठी ‘इस्की’ हे भारतीय प्रमाण वापरात होते. १९९१ साली त्याला भारतीय मानकाचे रूप मिळाले. त्यात देवनागरी ‘क’ आणि कन्नड ‘ಕ’ यांना एकच अंक दिलेला असे. मजकूर कोणत्या लिपीत दाखवावयाचा, हे आज्ञावलीने ठरवावयाचे. या अंकांचा अर्थ ड्रायव्हरला ठाऊक नसतो. काही ड्रायव्हर मदत करण्याच्या हेतूने, एका यंत्राच्या वर्णमालेतून दुसऱ्या यंत्राच्या वर्णमालेत आपण होऊन रूपांतर करतात. इंग्रजी नावांची चाचणी घेतली तर सर्व ठीक दिसते. इस्कीत साठविलेले खातेदाराचे नाव मात्र विद्रूप होऊ शकते. यावरून एक नियम निघतो: कसोटी ज्या मजकुरावर घ्यावयाची, तो कार्यालयाच्या नित्याच्या मजकुरासारखाच असला पाहिजे.

चौथा प्रकार वेगाचा. काही जावा ड्रायव्हर प्रत्येक शब्द युनिकोड स्वरूपात पाठवितात. जुन्या तक्त्यातील रकाना युनिकोडचा नसेल, तर कित्येकदा डेटाबेसला आपली अनुक्रमणिका नीट वापरता येत नाही आणि सारा तक्ता वाचून काढावा लागतो. उत्तर बरोबर येते, पण उशिरा. चाचणीसाठी दहा नोंदी घेतल्या तर हा उशीर जाणवणारही नाही. लाखो नोंदींत तो खिडकीसमोरच्या रांगेच्या रूपाने दिसू लागतो.

कसोटी कशी घ्यावी

वरील उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. जुळते असणे हा ड्रायव्हरचा स्वतःचा गुण नव्हे. ते दोघांमधील नाते आहे. म्हणून कसोटी ड्रायव्हरची एकट्याची घेऊन भागत नाही. त्याची आणि त्या विशिष्ट जुन्या आज्ञावलीची जोडीने घ्यावी लागते.

ही कसोटी अवघड नाही. तिला चिकाटी मात्र लागते. आज्ञावली महिनाभरात डेटाबेसला जे जे प्रश्न विचारते, त्यांची नोंद करण्याची सोय ओडीबीसीमध्ये आहे. ती वापरून प्रश्नांचा संच गोळा करावा. त्यात वर्षाअखेरीस किंवा पीकपाहणीच्या वेळीच विचारले जाणारे प्रश्न आठवणीने घालावेत, कारण विस्मृती तेथेच होते. मग साठ्याची एक प्रत काढून, खातेदारांची खाजगी माहिती झाकून, तेच प्रश्न एकदा जुन्या आणि एकदा नव्या ड्रायव्हरमार्फत विचारावेत. दोन्ही उत्तरांची तुलना ओळीओळीने व्हावी: नोंदी तितक्याच आल्या काय, त्याच क्रमाने आल्या काय, तारखा, दशांश आणि रिकामे रकाने तसेच आहेत काय, चुकीचे संकेत तेच आहेत काय, वेळ किती लागला. क्रमाकडे विशेष लक्ष द्यावे. प्रश्नात क्रम मागितला नसेल तर डेटाबेस तो पाळण्यास बांधलेला नाही. पण जुन्या आज्ञावल्या त्यावर अनेकदा विसंबून असतात.

याखेरीज मुद्दाम विघ्न आणून पाहावे. नोंद लिहिली जात असतानाच जोडणी तोडावी, आणि अर्धवट फेरफार साठ्यात राहतो की पूर्णपणे मागे घेतला जातो हे तपासावे. शेवटी नवा ड्रायव्हर एकदम सर्वत्र न बसविता आधी एका कार्यालयात बसवावा, आणि जुन्याकडे परतण्याची वाट काही काळ मोकळी ठेवावी. दोन्ही ड्रायव्हर एकाच यंत्रावर शेजारी शेजारी ठेवणे बहुधा शक्य असते.

खर्चाचा प्रश्न

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, जुनी आज्ञावलीच मोडीत काढून नवी लिहावी. हे कधी तरी करावे लागतेच. कर्नाटकातील मालमत्ता-नोंदणीची ‘कावेरी’ ही आज्ञावली ‘भूमी’शी जोडलेली आहे, आणि तिची दुसरी आवृत्ती २०२३ साली टप्प्याटप्प्याने आली. परंतु नवी आज्ञावली म्हणजे कसोटीतून सुटका नव्हे. उलट तिची कसोटी अधिक मोठी. शिवाय एकाच साठ्याभोवती जुन्या आणि नव्या आज्ञावल्या वर्षानुवर्षे एकत्र नांदतात, आणि प्रत्येकीला दुभाषी लागतोच.

दुसरा आक्षेप असा की, हे काम निर्मात्याचे आहे. निर्माता करार तपासू शकतो. एखाद्या तालुक्याच्या कचेरीतील आज्ञावलीच्या सवयी त्याला ठाऊक असणे शक्यच नाही. त्या ज्याला ठाऊक आहेत, किंवा ज्याला शोधून काढता येतात, त्यानेच ही जबाबदारी पत्करली पाहिजे.

तेव्हा सार्वजनिक कार्यालयांनी आज्ञावली खरेदी करतानाच तिच्यासोबत प्रश्नांचा आणि अपेक्षित उत्तरांचा कसोटी-संच मागून घ्यावा, तो आज्ञावलीइतक्याच काळजीने जपावा, आणि प्रत्येक बदलापूर्वी तो चालविण्यासाठी मनुष्यबळ व पैसा अंदाजपत्रकात वेगळा ठेवावा. आज्ञावली लिहिणारे निवृत्त होतात, त्यांच्या बदल्या होतात. त्यांना जे माहीत होते ते या संचाच्या रूपानेच मागे राहू शकते.

आज हा खर्च टाळला तर तो नाहीसा होत नाही. ज्याचा उतारा चुकीचा निघाला, ज्याचे कर्ज त्यामुळे अडले, त्या शेतकऱ्याला तो फेऱ्या मारून आणि दिवसाची मजुरी बुडवून भरावा लागतो. आपल्या नोंदीचा दुभाषी बदलला, हे त्याला कोणी सांगितलेलेही नसते. ज्या व्यवस्थेने त्याच्याकडील हस्तलिखित कागदाची मान्यता काढून घेतली, तिच्यावर ही कसोटी घेण्याचे बंधन आहे. ती सवडीनुसार करावयाची गोष्ट नव्हे.