मनःशांती शिकावी जनाबाईंकडून

मनःशांतीसाठी आपण कुठं कुठं जातो! कुणी शिबिराला जातं, कुणी मोबाईलवर ध्यानाचे व्हिडिओ लावतं. त्यात वाईट काही नाही. पण परभणीकरांना हा धडा जिल्ह्यातच मिळतो. गोदाकाठचं गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. लहानपणीच त्या पंढरपूरला संत नामदेवांच्या घरी कामाला राहिल्या. दळण, कांडण, शेण, पाणी, झाडलोट यातच आयुष्य गेलं. तरी आज ३०० हून अधिक अभंग त्यांच्या नावावर आहेत.

काम सोडून त्यांनी साधना केली नाही. जात्यावर बसूनच नाम घेतलं. हे सगळेच सांगतात. मला त्यापुढचं महत्त्वाचं वाटतं. जनाबाई विठ्ठलावर रुसल्या, रागावल्या, त्याच्याशी भांडल्यासुद्धा. मनातलं दुःख त्यांनी दाबलं नाही, शब्दांत मांडलं. म्हणून "गुमान सोसा, शांती मिळेल" असा अर्थ त्यांच्या आयुष्यातून काढणं चुकीचं आहे.

शाळेत हे जास्त जाणवतं. आईबाप ऊसतोडीला गेलेलं लेकरू परिपाठात डोळे मिटून मौनाला बसतं. ते गप्प असतं, पण आतून शांत असेलच असं नाही.

तेव्हा शिक्षक बंधू-भगिनींनो, दोन मिनिटांच्या मौनानंतर पाच मिनिटं मुलांना मनातलं बोलू द्या, लिहू द्या. आपणही रात्री वहीत चार खऱ्या ओळी लिहाव्यात. मन मोकळं झालं की मग प्रार्थनेतही लागतं.