हॉर्न आधी, अ‍ॅम्प्लिफायर नंतर

मंडळी, धुळ्याच्या आमच्या पुतण्याने हौसेने व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घेतलाय आणि आता तो जुने हॉर्न स्पीकर शोधत फिरतोय. मला विचाराल तर क्रम उलटा हवा होता. असो.

गणित सोपे आहे. ३०० बी जातीचा एक व्हॉल्व्ह साधारण ८ वॅट देतो. घरातला नेहमीचा स्पीकर १ वॅटला, १ मीटरवर ८८ डेसिबलच्या आसपास वाजतो. चांगला हॉर्न १०० च्या. दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट लागतात. म्हणजे हॉर्नच्या एका वॅटचे काम करायला नेहमीच्या स्पीकरला १६ वॅट हवेत!

मग भंगारात दिसेल तो भोंगा उचलावा का? मुळीच नाही. सभेतला भोंगा बोलणे लांब पोचवण्यासाठी असतो, त्यात डग्गा हरवतो. बंद थिएटरातले पडद्यामागचे हॉर्न खर्जाच्या पेटीसकट मिळाले तर बघावेत. पण दहा बाय बाराच्या खोलीत तेही नकोत. त्यांचे वरचे-खालचे सूर एकजीव व्हायला अंतर लागते.

दोन्ही एकाच बनावटीचे हवेत. मीटर लावून कॉइल शाबूत आहे ना, ते पाहावे. आणि ओळखीचे गाणे घेऊन जावे. मी तर ‘मानिनी’ (१९६१) मधली आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी नेईन. शब्द न् शब्द घरच्यासारखा वाटला तरच पैसे मोजावेत. नावावर आणि वॅटवर जाऊ नये. कान कशाला दिलेत?

तुम्हाला काय वाटते, जरूर कळवा.